तीन विषयांची बी.एस्सी.

पुण्यातल्या कुठल्याही आयटी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक प्रयोग करून बघा. टेबलावर बी.एस्सी. झालेले तीन-चार जण असतील तर त्यांना विचारा, "शेवटच्या वर्षाला विषय किती होते?" पुण्याचा म्हणेल, एकच. मुंबईचा म्हणेल, पहिल्या वर्षी तीन, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी एक. आणि नांदेड-लातूरकडचा कुणी असेल तर तो पोळीचा घास मोडत शांतपणे सांगेल, "तीन. पहिल्या दिवसापासून शेवटच्या पेपरापर्यंत तीनच्या तीन." मग बाकीचे त्याच्याकडे जरा दयेनं बघतात. काहींना वाटतं हा थट्टा करतोय.

मी त्या तिसऱ्या गटातला. भोकरचा. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स म्हणजे पीसीएम, नाहीतर केमिस्ट्री, बॉटनी, झूऑलॉजी म्हणजे सीबीझेड. तिन्ही विषयांना सारखं वजन, तिन्हींची प्रॅक्टिकल्स, तिन्हींचे जर्नल. वर पहिली दोन वर्षं इंग्रजी आणि आणखी एक भाषा सक्तीची. म्हणजे आमच्याकडे माणूस इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरीत पास होऊन इंग्रजीच्या निबंधात गचकू शकायचा, आणि गचकायचाही.

एकाच राज्यात, एकाच नावाच्या पदवीचे इतके वेगळे अर्थ कसे काय झाले? गेले काही शनिवार-रविवार हेच वाचत बसलोय. २०२४ पासून आमच्या विद्यापीठाच्या कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण आलं आणि तीन विषयांची ती जुनी बी.एस्सी. नव्या प्रवेशांपुरती संपली. संपलेल्या गोष्टीचा इतिहास लिहायला हरकत नसते.

सुरुवात एका शब्दापासून करू. एटीकेटी. महाराष्ट्रात हा शब्द माहीत नसलेला पदवीधर मिळणार नाही, पण त्याचा विस्तार विचारला तर निम्मे लोक अडखळतील. 'अलाउड टू कीप टर्म्स'. टर्म 'ठेवायची' म्हणजे काय करायचं? ही भानगड थेट इंग्लंडातून आलीय. तिकडे विद्यार्थ्यानं विद्यापीठात ठरावीक सत्रं हजर राहायचं, याला टर्म ठेवणं म्हणत. लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थांत तर ही हजेरी जेवणावरून मोजायचे. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की बॅरिस्टर व्हायला बारा टर्म, म्हणजे साधारण तीन वर्षं लागायची, आणि प्रत्येक टर्ममध्ये चोवीसेक जेवणांपैकी किमान सहा जेवणांना हजेरी लावावी लागायची. गांधीजी वाइनला शिवत नसत, त्यामुळे त्यांच्या वाट्याची वाइन पंगतीतल्या बाकीच्यांना मिळे आणि म्हणून त्यांना मागणी असे! तर हा जेवणाच्या पंगतीतला शब्द मुंबईमार्गे भोकरच्या नोटीस बोर्डावर येऊन पोचला. आमच्या प्राध्यापकांना कधी हे सांगितलं असतं तर त्यांनी जेवणाचीही हजेरी सुरू केली असती.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेलं. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, आणि विद्यापीठानं फक्त अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. १८६२ साली न्यायमूर्ती रानडे, भांडारकर वगैरे पहिली तुकडी बी.ए. होऊन बाहेर पडली. बी.एस्सी. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८७९च्या सुमारास आली. खुद्द लंडनलाही ती १८६० सालीच सुरू झालेली. 'विज्ञानाची वेगळी पदवी' ही कल्पनाच नवी होती, तोवर विज्ञान शिकणाराही बी.ए.च व्हायचा.

पण हे सगळं मुंबई इलाख्याचं. भोकर त्या गोष्टीत कुठंच नाही.

भोकर निजामाच्या राज्यात. नकाशा उघडून बघा: नांदेडपासून पूर्वेला पन्नास-पंचावन्न किलोमीटर, मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेवर, तेलंगणाच्या सीमेला जवळपास चिकटून. बाजारात आजही मराठी, तेलुगू, उर्दू, लंबाडी अशा चार भाषा सहज कानावर पडतात. भोकरच्या कॉलेजाला ज्यांचं नाव आहे ते दिगंबरराव बिंदू हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते, नंतर हैदराबाद राज्याचे गृहमंत्री. त्यांच्या पिढीत इथल्या मुलाला पदवी घ्यायची असेल तर पुणं-मुंबई हा परमुलूख आणि हैदराबाद ही राजधानी. आख्ख्या मराठवाड्यात पदवीपर्यंत शिकवणारं एकही कॉलेज नव्हतं. औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) १९२३ पासून इंटरमीजिएट कॉलेज होतं, तेही इंटरपर्यंतच.

हैदराबादला होतं उस्मानिया विद्यापीठ. १९१७ सालच्या फर्मानानं त्याचा निर्णय झाला, १९१८ साली स्थापना. आता इथं जरा थांबू, कारण उस्मानियाबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी सांगतात: निजामानं काढलं आणि उर्दू लादली. दोन्ही खऱ्याच. १९३१च्या जनगणनेप्रमाणे संस्थानात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास, मराठी पावभर आणि उर्दू जेमतेम दहा टक्के. आणि विद्यापीठाची भाषा त्या दहा टक्क्यांची. भोकरच्या मराठी पोरानं घरी मराठी बोलायचं, रस्त्यावर तेलुगू ऐकायचं, आणि केमिस्ट्री उर्दूत शिकायची. वर इंग्रजी सक्तीची होतीच. शिवाय मुसलमान विद्यार्थ्यांना धर्मशास्त्र आणि इतरांना नीतिशास्त्र हाही सक्तीचा विषय. बी.एस्सी.च्या पोरावर भाषांचं ओझं टाकायची आमच्याकडची परंपरा अशी जुनी आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. हिंदी भाषांपैकी एका भाषेतून विज्ञान, वैद्यक, इंजिनिअरिंग सगळं पदवीपर्यंत शिकवून दाखवायचं, हा प्रयोग ब्रिटिश इलाख्यांतल्या एकाही विद्यापीठानं तेव्हा केला नव्हता. त्यासाठी विद्यापीठाच्याही आधी 'दारुल तर्जुमा' म्हणजे भाषांतराचं खातं उघडलं. आधी पुस्तकं, मग वर्ग. (आपल्याकडे आधी वर्ग, मग अभ्यासक्रम, आणि परीक्षा झाल्यावर पुस्तकं. असो.) या खात्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक, ते पुढं औरंगाबादच्या इंटर कॉलेजचे प्राचार्यही होते. शायर जोश मलीहाबादी याच खात्यात दहाएक वर्षं नोकरीला होते. परिभाषा कशी घडवायची यावर तिथं कडाक्याचे वाद झाले. अरबी-फारसीतून शब्द घ्यायचे, की बोलीतल्या उर्दूच्या अंगानं नवे जुळवायचे? वहीदुद्दीन सलीम यांनी तर यावर 'वज़ए इस्तिलाहात' नावाचा अख्खा ग्रंथ लिहिला. फिजिक्स म्हणजे तबीइयात, केमिस्ट्री कीमिया, गणित रियाज़ी, बॉटनी नबातियात, आणि झूऑलॉजी म्हणजे हैवानियात! आमच्या सीबीझेडवाल्या मित्रांना हा शब्द सांगितल्यावर त्यांना आपल्या विषयाचा खरा अर्थ कळला म्हणाले.

मातृभाषेतून (किंवा निदान देशी भाषेतून) उच्च विज्ञान शिकवता येत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एक नाव सांगून ठेवतो: रझीउद्दीन सिद्दीकी. उस्मानियातून १९२५ साली पदवी, मग केंब्रिज, मग जर्मनीत लाइपझिगला हायझेनबर्गच्या हाताखाली डॉक्टरेट. परत येऊन हा माणूस उस्मानियात उर्दूतून गणित आणि आधुनिक भौतिकी शिकवत होता. क्वांटम मेकॅनिक्स जन्माला येऊन दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले.

म्हणजे प्रयोग नापास झाला नव्हता, पण तो कुणासाठी होता हा प्रश्न राहतोच. भोकरच्या मराठी मुलाला इंग्रजी जितकी परकी, शाळेची उर्दू त्याहून थोडी कमी परकी, एवढंच.

या गोष्टीत नियमांची खरी ताकद दिसते ती १९३८ साली. त्या नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या कॉलेजात आणि नंतर उस्मानियाच्या वसतिगृहात हिंदू विद्यार्थी प्रार्थनेत वंदे मातरम म्हणायला लागले. प्रशासनानं बंदी घातली, मुलांनी ऐकलं नाही, मुलांना काढून टाकलं. शेकडो विद्यार्थी एका झटक्यात बाहेर. आता विचार करा, हा विद्यार्थी कुठं जाणार? विद्यापीठ बदलायचं तर जुन्या विद्यापीठाचे कागद लागतात, वर्तणुकीचा दाखला लागतो. शिवाय हा शिकलाय उर्दूतून. त्याची तबीइयात दुसरीकडं फिजिक्स म्हणून धरणार कोण? त्या वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते टी. जे. केदार. त्यांनी दार उघडलं आणि या मुलांना नागपूरला प्रवेश मिळाला. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्याच सुमारास संस्थान सोडून नागपूर-पुण्याकडं शिकायला गेलेल्यांपैकी. नियम तेच होते, तो वापरणारा माणूस वेगळा होता, आणि तेवढ्यानं कित्येकांची वर्षं वाचली.

या विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत एक होते गोविंदभाई श्रॉफ. गोविंदभाई गणिताचे एम.एस्सी., हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. शाळा औरंगाबादची, इंटर मद्रासला, बी.एस्सी.-एम.एस्सी. कलकत्त्याला. एका पदवीसाठी अर्धा भारत पालथा. संस्थानाबाहेरची पदवी हवी असली की असं फिरावं लागे, आणि ते परवडणारी घरं किती असतील?

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य संपलं. उस्मानियात उर्दू जाऊन इंग्रजी माध्यम आलं. तीस वर्षांची परिभाषा, पुस्तकं, सवयी, सगळं थोडक्या काळात बाद. सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुःख कळेल: जुनं व्हर्जन बंद करताना त्यावर चालणाऱ्या लोकांचं काय, हा विचार शेवटी होतो.

१९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्याच साली औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज, जे पुढं मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. ही कॉलेजं मराठवाड्यातली, पण संलग्न उस्मानियालाच. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला तरी पदवी हैदराबादचीच राहिली. अखेर २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. पहिले कुलगुरू डोंगरकेरी. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, पाचही जिल्हे त्याच्या अखत्यारीत.

पीपल्स कॉलेजचा विषय निघालाच आहे तर नरहर कुरुंदकरांना टाळून पुढं जाणं नांदेडकराला शक्य नाही. इंटरला नापास झालेला हा माणूस प्रतिभा निकेतन शाळेत शिकवत शिकवत पदव्या घेऊन १९६३ साली पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि १९७७ साली प्राचार्य झाला. त्यांची व्याख्यानं ऐकणाऱ्यांत त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त 'क्वालिफाइड' लोक असायचे. पदवीच्या नियमांवर लिहिताना हे उदाहरण खिशात ठेवलेलं बरं.

तर मूळ प्रश्न. तीन विषय कुठून आले?

माझा अंदाज असा, आणि हा अंदाजच आहे, की हे हैदराबादचं दान आहे. भोकरहून सीमा ओलांडून म्हैसा किंवा निजामाबादला जा. तिकडच्या जुन्या बी.एस्सी.वाल्याला विचारा, तो सांगेल 'एमपीसी' किंवा 'बीझेडसी'. मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री. तेच तीन विषय, तीन वर्षं, फक्त अक्षरांचा क्रम उलटा. आमचं कुळ तिकडचं, हे पदवीच्या आराखड्यातून अजून दिसतं. मराठवाडा महाराष्ट्रात आला तो नकाशावर. अभ्यासक्रम बराच काळ हैदराबादेतच राहिला असावा. मधे इंटर गेलं, पीयूसी आली, कोठारी आयोग (१९६४-६६) येऊन गेला, सत्तरच्या दशकात महाराष्ट्रानं दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारला, बी.एस्सी. बारावीनंतर तीन वर्षांची झाली. तीन विषय मात्र जागचे हलले नाहीत.

हे चांगलं की वाईट? पुण्याचे मित्र म्हणतात, तुमचं कशातच खोल शिक्षण नाही. यात तथ्य आहे. शेवटच्या वर्षी जो पुण्यात केमिस्ट्रीचे पाच-सहा पेपर आणि दिवसभर प्रयोगशाळा करतो, त्याच्याशी आमचा मुलगा त्याच केमिस्ट्रीच्या दोन-तीन पेपरांवर भिडतो. एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत, आयआयटीच्या जॅममध्ये, हा फरक अंगावर येतो. जॅमचा पेपर आमच्या अभ्यासक्रमाच्या पुढं कुठंतरी सुरू होतो.

पण उलटही ऐका. तालुक्याच्या गावात सतराव्या-अठराव्या वर्षी मुलाला कुठला एक विषय आपला हे कळलेलं नसतं. त्यातून आमच्याकडे बारावीचा मोसम म्हणजे लातूर पॅटर्नचा मोसम. मेडिकल, इंजिनिअरिंग, आणि ते नाही झालं तर बी.एस्सी. मुलगा प्रवेश घेतो तोच मुळी पडलेल्या चेहऱ्यानं. अशा मुलाला तीन वर्षं तीन दारं उघडी राहायची. एम.एस्सी. फिजिक्स, केमिस्ट्री की मॅथ्स, हे बी.एस्सी. संपल्यावर ठरवता यायचं. मॅथ्स असल्यामुळे एमसीएचं चौथं दारही होतं. नव्वदच्या दशकात आणि नंतर आमच्या भागातून सॉफ्टवेअरमध्ये आलेले कित्येक जण याच चौथ्या दारानं आलेत, मीही. विप्रोसारख्या कंपनीनं तर नव्वदच्या दशकापासूनच बी.एस्सी.वाल्यांना घेऊन नोकरी करता करता बिट्स पिलानीची एम.एस. द्यायची योजना चालवली. सीबीझेडवाल्यांना मात्र हे दार बंद, कारण गणित नाही. एका चौकोनात टिक करताना पोराला कुठं ठाऊक असतं की आपण काय बंद करतोय.

मी तीन विषयांच्या बाजूचा आहे, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. खोली नंतर मिळवता येते, बंद दार उघडायला जास्त वेळ लागतो.

आता पदवीच्या कागदाच्या वरच्या ओळीबद्दल. तिथं विद्यापीठाचं नाव असतं. आपल्याला ते फक्त छापील अक्षर वाटतं. मराठवाड्यात त्या एका ओळीसाठी माणसं मेली आहेत. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ऑगस्ट १९७८ मध्ये पोचीराम कांबळे यांना मारून टाकलं. विरोध करणाऱ्यांत शिकलेले, पदवीधर, उद्या पदवीधर होणारे होते. 'आमच्या पदवीवर मराठवाड्याचं नाव हवं' असं सभ्य भाषेत बोललं जाई, खेड्यात त्याचा अर्थ काय होत होता ते सगळ्यांना दिसत होतं. सोळा वर्षं हा लढा चालला. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडला स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी (आणि १९९९ पासून वेगळा झालेला हिंगोली) त्याच्याकडे आले. भोकरच्या मुलाच्या कामाचं अंतर एका दिवसात पाचएक पट कमी झालं. मार्कमेमोतली चूक दुरुस्त करायला औरंगाबादला रात्रभराचा प्रवास करून जाणारे लोक ज्यांनी पाहिलेत त्यांना याची किंमत कळेल. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे, लातूरच्या राजर्षी शाहू कॉलेजचे प्राचार्य राहिलेले, लातूर पॅटर्नशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते. बारावीचा सगळा जोर मेडिकल-इंजिनिअरिंगकडे वळवणारा पॅटर्न आणि उरलेल्यांना पदवी देणारं विद्यापीठ, दोन्हींच्या आरंभी एकच माणूस, हा योगायोग मला मजेदार वाटतो.

आणि ज्यांच्या नावाचं हे विद्यापीठ त्या स्वामीजींची पदवी कुठली? टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची. असहकाराच्या लाटेत १९२१ साली पुण्यात निघालेलं राष्ट्रीय विद्यापीठ. सरकारी शिक्षणावर बहिष्कार टाकलेल्यांसाठीच ते होतं, त्यामुळे सरकारी मान्यतेचा प्रश्नच नव्हता. लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहून त्यांनी तिथली एम.ए.च्या तोडीची पदवी घेतली, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तरकी केली. आजच्या पात्रता समितीसमोर तो कागद ठेवला असता तर 'समकक्षता प्रमाणपत्र जोडावे' असा शेरा नक्की आला असता :)

आता २०२४. केंद्राचं धोरण जुलै २०२० चं, महाराष्ट्र शासनाचा श्रेयांकांचा मुख्य निर्णय एप्रिल २०२३ चा, स्वायत्त कॉलेजांत तो २०२३-२४ पासून, आणि भोकरसारख्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. वर्षाला ४४ क्रेडिट, तीन वर्षांची पदवी १३२, चार वर्षांची ऑनर्स १७६. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, प्रॅक्टिकलचं तीस. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी, सीईपी, सीसी... एवढ्या टोपल्या आहेत की आमच्या इंडस्ट्रीलाही लाज वाटावी.

हे क्रेडिट कुठून आलं तेही गमतीदार आहे. हार्वर्डला चार्ल्स एलियट नावाचे अध्यक्ष १८६९ पासून चाळीस वर्षं होते, त्यांनी विद्यार्थ्याला विषय निवडू द्यायची पद्धत रुजवली. जो तो वेगळं शिकायला लागल्यावर मोजायचं कसं? मग १९०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशननं प्राध्यापकांना पेन्शन द्यायचं ठरवलं, आणि अट घातली की ज्या कॉलेजांना हे पेन्शन हवं त्यांनी प्रवेशासाठी शाळेतलं शिक्षण तासांच्या एककात मोजावं. पेन्शन कुणाला नको असतं! सगळ्यांनी मोजायला सुरुवात केली. म्हणजे भोकरच्या पोराचे ४४ क्रेडिट ही अमेरिकन प्राध्यापकांच्या पेन्शनची लांबची नातवंडं आहेत.

तीन विषयांचं काय? शासनाच्या सुधारित आराखड्यात पहिल्या वर्षाला तीन विषय ठेवलेत, दुसऱ्या वर्षापासून त्यातला एक मेजर, एक मायनर, तिसरा सुटतो. म्हणजे आम्ही आता मुंबई-पुण्याच्या रांगेत आलो. पुण्याच्या मित्रांनी दयेनं बघायचं कारण उरलं नाही.

मला काळजी आहे ती दोन गोष्टींची. एक, मधेच बाहेर पडायची सोय. एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा (दोन्हींसाठी चार क्रेडिटचं जादा कौशल्याचं काम), आणि कमावलेली क्रेडिट क्रेडिट बँकेत सात वर्षांपर्यंत चालणार. कागदावर सुंदर. आजवर मुलगी पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडायची तर तिच्या हाती काहीच नसे, आता काहीतरी आहे, हे मान्य. पण आमच्या भागात मुलीच्या बापाशी भांडताना 'निदान डिग्री तर पुरी होऊ द्या की ओ' हे एक हत्यार आई-मामांच्या हातात असायचं. आता बापाच्याही हातात कागद आहे: "झालं की सर्टिफिकेट." एक वर्षाच्या विज्ञानाच्या सर्टिफिकेटवर नांदेडच्या बाजारात कुठली नोकरी मिळते, ते मला कुणी दाखवावं.

दुसरी काळजी चौथ्या वर्षाची. तुमच्यापैकी जे अमेरिकेची वाट धरून बसलेत त्यांना माहीत असेल: तिकडची बॅचलर चार वर्षांची, त्यामुळे आपली तीन वर्षांची बी.एस्सी. एकटी सहसा पुरत नाही. एच-वन-बीच्या नियमांत तर कमी पडलेल्या एकेका वर्षाच्या शिक्षणाला तीन-तीन वर्षांचा कामाचा अनुभव धरतात. चौथं वर्ष हा प्रश्न सोडवतं. शिवाय ऑनर्स झालेल्याला एम.एस्सी. एकाच वर्षाची, आणि ७५ टक्क्यांच्या वर असेल तर संशोधनासह ऑनर्स आणि थेट पीएच.डी.चा अर्ज. पण त्यासाठी कॉलेजात प्रयोगशाळा हवी, मार्गदर्शक हवेत, कायम प्राध्यापक हवेत. तासिका तत्त्वावर चालणाऱ्या विभागात हे कसं बसवायचं? मोठ्या शहरातल्या मुलाला चौथं वर्ष त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मिळेल. तालुक्याच्या मुलाला त्यासाठी बहुधा नांदेड गाठावं लागेल, म्हणजे खोली, मेस, एसटीचा पास. पूर्वी तीन वर्षांनी सगळेच सारख्या पदवीनं बाहेर पडायचे, पुढं ज्याची त्याची धाव. आता पदवीच दोन प्रतीची होईल आणि फरक हुशारीचा नसून गावाचा असेल.

भोकरच्या पहिल्या तुकडीची तीन वर्षं २०२७ च्या उन्हाळ्यात पुरी होतात. ओळखीतलं कुणी त्या तुकडीत असेल तर आपल्या विषयाचं चौथं वर्ष नक्की कुठल्या कॉलेजात मंजूर झालंय, हे त्यानं आत्ताच लेखी विचारून ठेवावं. अर्ज दोन प्रतींत द्यायचा, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यायचा.